वारा आत येतो, पण जातो कुठे?

दौलताबादचा किल्ला मागे टाकून खुलताबादकडे निघालेला रस्ता घाट चढू लागतो, आणि तिथे जुन्या तटबंदीतला एक अरुंद दरवाजा आजही वाहतुकीची कोंडी करतो. वेरूळला निघालेल्या बसगाड्या, सहलीच्या जीपा, मालट्रक, उसाचे ट्रॅक्टर सगळ्यांनाच या फटीतून निघायचे असते. सुटीचा दिवस असला, किंवा श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनाची गर्दी असली, तर रांग मुंगीच्या पावलाने सरकते. मोटारीच्या रेडिएटरची याहून कठीण परीक्षा मुद्दाम मांडायची म्हटली तरी जमणार नाही. चढामुळे इंजिन जोर लावून राबते, पहिल्या गिअरमुळे गाडीला वेग नसतो, वेग नाही म्हणून तोंडावर वारा नसतो, आणि मे महिन्यात बाहेरची हवाच चाळिशी ओलांडून बसलेली असते. गाडी उकळते आणि ड्रायव्हर बाटली घेऊन पाणी शोधायला निघतो. महाराष्ट्राच्या घाटांमधला मोटारींचा सगळा इतिहास आपण असा पाण्याच्या हिशेबात लक्षात ठेवला आहे: वळणावरची पाण्याची टाकी, क्लीनरच्या हातातला डबा, रेडिएटरच्या टोपणावर टाकलेले ओले फडके. माझे म्हणणे असे आहे की हा इतिहास मुळात वाऱ्याचा आहे. बहुतेक गाड्यांचे पाणी संपते ते त्या तापल्यावर. आधी चुकलेली असते ती हवेची वाट, आणि त्या वाटेतही आत येण्याचा भाग सोपा असतो; खरी अडचण हवेने बाहेर कुठून जायचे याची असते.

सुरुवातीपासून पाहू. १८८६ मध्ये कार्ल बेंझने जी तीनचाकी गाडी केली, तिच्यात आजच्या अर्थाने रेडिएटर नव्हताच. इंजिनाभोवतीचे पाणी तापायचे, वाफ होऊन उडून जायचे, आणि गेले तेवढे पुन्हा भरायचे. १८८८ मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्त्सहाइमला त्याच जातीच्या गाडीने गेली, तेव्हा वाटेत तिला पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले. पाण्याने गार करायचे म्हणजे पाणी खर्च करायचे, हा मोटारीचा पहिला धडा होता, आणि आपल्याकडच्या घाटांनी तो बराच काळ गिरवला. पण तिकडे तेरा-चौदा वर्षांतच दिशा बदलली. डाइम्लर कारखान्यातल्या विल्हेल्म मायबाखने १९००च्या अखेरीस मर्सिडीजच्या नव्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीसाठी जाळीदार रेडिएटर तयार केला. त्यात सहा बाय सहा मिलिमीटरच्या तब्बल ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. हवा नळ्यांच्या आतून जायची आणि पाणी नळ्यांच्या मधल्या बारीक फटींतून. मागे पंखा होता, म्हणजे गाडी हळू चालली तरी हवा ओढली जात राही. एवढ्या ताकदीच्या इंजिनाला मग पाणी पुरले ते केवळ नऊ लिटर. गाडीची ताकद वाढली आणि पाणी मात्र कमी लागू लागले, कारण उष्णता बाहेर नेण्याचे काम आता हवेकडे आले होते. पाण्याकडे फक्त हमालीचे काम उरले: धातूपासून जाळीपर्यंत उष्णता आणून टाकायची आणि परत फिरायचे.

ही वाटणी का झाली, ते आकड्यांत पाहिले की कळते. एक लिटर पाणी एका अंशाने थंड होताना जेवढी उष्णता सोडते, तेवढी उचलायला समुद्रसपाटीच्या साधारण हवामानात सुमारे साडेतीन घनमीटर हवा एका अंशाने तापावी लागते. दौलताबादच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून अधिक उंचीवर आणि ४२ अंशांच्या दुपारी, हवा विरळ होते आणि हाच आकडा चार घनमीटरच्या घरात जातो. शिवाय रेडिएटरचे काम पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर चालते. पाणी ९५ अंशांवर असेल आणि बाहेर १५ अंशांची थंडी असेल, तर फरक ८० अंशांचा. बाहेर ४२ असेल तर ५३ अंशांचा. म्हणजे तीच जाळी, तोच पंखा, पण मे महिन्यात काम दोन-तृतीयांश. युरोपातून आलेल्या गाड्या इथे तापतात याचा दोष आपण घाटाला आणि इंधनाला देत आलो. मुळात या उन्हाळ्यात त्यांना निम्म्याने जास्त हवा लागत होती आणि ती मिळत नव्हती.

मोटारी आल्या तेव्हा इथले घाटरस्ते बैलगाडीच्या हिशेबाने बांधलेले होते. बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये खुला झाला, मोटार जन्माला येण्याच्या पन्नासाहून अधिक वर्षे आधी. त्यावरची चढण जनावराच्या दमाने आखलेली होती. जागोजाग थांबावे, पाणी पाजावे, पुढे जावे. मोटारवाल्यांनीही निमूटपणे हीच रीत उचलली. दौलताबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद संस्थानाने जून १९३२ मध्ये रेल्वे खात्याच्या अखत्यारीत २७ बसगाड्यांनी सरकारी वाहतूक सुरू केली. मुंबई राज्याची एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची वाहतूक राज्य परिवहन महामंडळात विलीन झाली. चिकलठाण्याच्या कार्यशाळेत बसचे सांगाडे बांधले जाऊ लागले. या सगळ्या गाड्यांची तोंडे सारखीच: पुढे उभी जाळी, तिच्यामागे रेडिएटर, त्यामागे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा. मुंबईतल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फिएट, जी पुढे पद्मिनी झाली, तीही याच घराण्यातली.

पट्ट्यावरच्या पंख्याला स्वतःचे डोके नसते. इंजिन जोरात फिरले तर तोही जोरात, इंजिन मंद तर तो मंद. रांगेत उभी राहिलेली गाडी आतून तापलेली असते आणि नेमका तेव्हाच पंखा रेंगाळतो. जुने ड्रायव्हर तापलेली गाडी लगेच बंद न करता न्यूट्रलमध्ये टाकून थोडी रेस देत, ते उगाच नव्हे. इंजिन बंद केले की पंखाही थांबतो आणि पाण्याचा पंपही. धातूत साठलेली उष्णता उभ्या पाण्याला उकळी फोडते. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये, अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या, तर पंपच नव्हता. तापलेले पाणी आपसूक वर चढायचे, जाळीतून निवून खाली उतरायचे. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली गेली की हे फिरणे बंद पडत असे, आणि मग अर्धा रेडिएटर भरलेला असूनही गाडी उकळत असे. त्या काळात पाण्याचा धाक बसला तो अशा अनुभवांनी, आणि तो सकारण होता. पण पंप आला, बंद दाबाचे टोपण आले, तरी धाक तोच राहिला आणि हवेचा प्रश्न त्याच्या आड दडला.

घाटातले आणखी एक दृश्य तपासून पाहण्यासारखे आहे. गाडी तापली की बॉनेट उघडायचे. उभ्या गाडीत हे अगदी बरोबर आहे. गरम हवा वर जाते, तिला वाट मिळते. पण काही जण बॉनेटची काचेकडची कड लाकडाची चीप घालून किंचित उचलून ठेवत आणि तसेच गाडी चालवत. इथे हेतू चांगला असला तरी हवा ऐकत नाही. चालत्या गाडीत समोरच्या काचेच्या पायथ्याशी वारा येऊन अडतो आणि दाब वाढतो. म्हणूनच गाडीच्या आतल्या माणसांसाठी ताजी हवा नेहमी तिथून घेतात. तिथे फट ठेवली की गरम हवा बाहेर जाण्याऐवजी बाहेरची हवा इंजिनाच्या खणात घुसते, आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेला समोरून रेटा बसतो. पुढून आणि मागून दोन्हीकडून हवा आत येत असेल, तर मधून कोणीच वाहत नाही. एकाच बाजूला खिडक्या असलेल्या खोलीत कितीही वारा सुटला तरी उकडतेच. मोटारीच्या पुढच्या भागाचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे: हवा जाळीतून जाते ती पुढे दाब जास्त आणि मागे कमी असेल तरच. समोर कितीही मोठे भगदाड पाडा, मागचा दाब कमी झाला नाही तर हवा दारातूनच परत फिरते आणि बाजूने निघून जाते.

आता किल्ल्याकडे वळायला हरकत नाही. देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्याच, कातळात कोरलेली अंधारी प्रसिद्ध आहे. वळणे घेत चढणारा हा काळोखी बोगदा ओलांडल्याखेरीज बालेकिल्ल्यावर जाता येत नसे. त्याच्या वरच्या तोंडावर लोखंडी झाकण घालण्याची सोय होती. वेळ आली की त्या झाकणावर जाळ करायचा, म्हणजे खाली अडकलेल्या शत्रूला उष्णतेने आणि धुराने पुढे सरकणे अशक्य व्हावे. पाहुण्यांना इथपर्यंत सगळे सांगितले जाते. मला महत्त्वाचे वाटते ते त्या झाकणाच्या जवळ कातळात कोरलेले भोक. ते हवेसाठी आहे. बोगद्याच्या तोंडावर पेटवलेली आग हवेवाचून गुदमरून विझली असती. या भोकामुळे तिला वारा मिळत राही. म्हणजे ज्यांनी हे रचले त्यांना दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. हवा आणि उष्णता हलते ती वाट असेल तरच, आणि वाट कुठे ठेवायची हे ठरवणारा माणूस त्या जागेचा मालक असतो. आगीला हवा द्यायची, माणसाला नाही, असा निर्णय त्यांनी एका भोकाच्या जागेने घेतला.

यावर कोणी म्हणेल की किल्ल्याचा मोटारीशी ओढूनताणून संबंध जोडला जातो आहे. वंशावळीचा संबंध नाहीच, आणि देवगिरीच्या पाथरवटांना मोटारीचे पूर्वज ठरवण्याची हौस मला नाही. शिवाय अंधारीने गड वाचवला असेही नाही. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीपुढे आणि १६३३ मध्ये मुघलांपुढे देवगिरी झुकली, ती बोगद्यातून कोणी वर चढले म्हणून नव्हे. दोन्ही वेळा गडावरच्या दाण्यागोट्याचा प्रश्न गडाला भोवला. मुद्दा पुराव्याचा आहे. कातळात कोरलेली वस्तू आपला हेतू लपवू शकत नाही. अंधारी पाहणाऱ्याला हवेच्या वाटेचे नियम डोळ्यांना दिसतात, तर मोटारीत तेच नियम पत्र्याआड दडलेले असतात. आणि ते दडलेले आहेत म्हणूनच शतकभर गैरसमज टिकला.

हा गैरसमज पहिल्यांदा मोडला तो विमानवाल्यांनी. अमेरिकेत लँग्ली इथल्या प्रयोगशाळेत १९२८ मध्ये फ्रेड वाइक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाऱ्यावर उघड्या असलेल्या विमानाच्या इंजिनाला पत्र्याची गोल टोपी चढवली, आतून हवेला नेमकी वाट करून दिली आणि चाचणीच्या विमानाचा वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ मैलांवर गेला. इंजिन झाकले आणि तरीही ते तापले नाही. पुढे १९३०च्या दशकात इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या मेरेडिथने रेडिएटरसाठी असा मार्ग सुचवला की हवा लहान तोंडातून आत यावी, आत रुंद होत जाणाऱ्या पोकळीत तिचा वेग कमी व्हावा, जाळीतून ती सावकाश जावी आणि निमुळत्या वाटेने पुन्हा वेग घेत बाहेर पडावी. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानाच्या पोटाखालचा फुगवटा तो हाच. मोटारीच्या जगाला हे पचायला आणखी बरीच वर्षे लागली, कारण मोटारीची जाळी एव्हाना तिचा चेहरा झाली होती. रोल्स-रॉइसपासून ॲम्बॅसडरपर्यंत लोक गाडी ओळखत ती जाळीवरून. चेहरा लहान करायला कोण धजणार?

आपल्याकडे हाच धडा उलट्या बाजूने, आणि अगदी दौलताबादच्या शेजारी, गिरवला गेला. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना ५ नोव्हेंबर १९८५ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते सुरू झाला. बांधणी सोळा महिन्यांत उरकली होती. तेव्हाच्या औरंगाबादचे रूप या कारखान्याने बदलले. भोवती सुट्या भागांचे उद्योग उभे राहिले, दुरुस्तीची गॅरेजे गल्लोगल्ली निघाली आणि खेड्यातून आलेली मुले इंजिनाची नस ओळखू लागली. या मंडळींच्या हाताखालून रोज जात होते ते पाण्याविना चालणारे इंजिन. बजाजची चेतक स्कूटर १९७२ पासून रस्त्यावर होती, आणि मागे इंजिन असलेली रिक्षा १९७७ पासून. या दोन्हींत इंजिन वाऱ्याच्या तोंडावर नसते. स्कूटरचे इंजिन मागच्या चाकाजवळ, उजव्या फुगीर झाकणाखाली असते. रिक्षाचे प्रवाशांच्या पाठीमागे. समोरचा वारा तिथे पोचतच नाही. म्हणून फ्लायव्हीलवरच पंख्याची पाती ओतलेली असतात आणि सिलिंडरभोवती पत्र्याचे कवच असते. पंखा हवा फेकतो, कवच तिला सिलिंडरच्या पातळ फिन्समधून जायला भाग पाडते, आणि ती खालून बाहेर पडते.

आता गंमत पाहा. स्कूटर तापते म्हणून कोणी हौशी माणूस सिलिंडरवरचे कवच काढून टाकतो. इंजिन उघडे दिसते, मोकळे वाटते, ‘जरा हवा लागू दे’ असे म्हणायला बरे. पण कवच गेले की पंख्याची हवा वाट फुटेल तिकडे पसरते, फिन्सच्या मधून जातच नाही, आणि ऐन उन्हात डबलसीट चढ चढताना पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. झाकलेले इंजिन थंड, उघडे केलेले जाम. जाणते मिस्तरी दुरुस्तीनंतर तो क्षुल्लक दिसणारा पत्रा शेवटच्या स्क्रूसकट बसवायला लावत, ते यामुळे. हवा किती आहे यापेक्षा ती कुठून कुठे जाते आहे हे महत्त्वाचे, याचा याहून स्वस्त आणि ढळढळीत पुरावा शोधूनही सापडायचा नाही. मोटारसायकलचे गणित वेगळे. १९८६ मध्ये आलेल्या कावासाकी बजाज केबी १००चे सिलिंडर पुढच्या चाकामागे उघड्यावर होते. तिला वाऱ्याचे तोंड फुकट मिळत होते, पण फक्त चालत असेपर्यंत. रांगेत उभ्या मोटारसायकलला पंखा नाही, ही तिची कमजोरी आहे. पुढे याच वाळूजमधून बजाजची छोटी चारचाकी निघाली. २०१२ मध्ये दिल्लीला तिचे दर्शन घडवले गेले आणि क्यूट या नावाने ती २०१९ मध्ये महाराष्ट्रात विक्रीला आली. इंजिन रिक्षासारखे मागे, जेमतेम २१६ सीसीचे, पण थंड करायला पाणी. एवढ्याशा इंजिनाला पाणी कशाला, असा प्रश्न पडतो. छपराखाली चार माणसे, मागे कोंडलेले इंजिन आणि धुराचे कडक होत गेलेले नियम, अशा जागी तापमान एका पट्ट्यात धरून ठेवायचे तर उष्णता इंजिनापासून उचलून हवा मिळेल तिथे नेऊन टाकावी लागते. ते काम पाणी करते. पण शेवटचा हिशेब तिथेही हवेशीच असतो.

मग पाण्याला काहीच महत्त्व नाही का? आहे, आणि ते नाकारले तर माझे म्हणणे खोटे पडेल. मराठवाड्यातले बोअरचे पाणी जड असते. काळ्या दगडातून झिरपून आलेले हे पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले की क्षार नळ्यांच्या आतून थर धरतात, आणि बाहेर कितीही वारा असला तरी उष्णता त्या थरातून पलीकडे जात नाही. गंज धरतो तो वेगळाच. कूलंट वापरायचे ते यासाठी. दाबाच्या टोपणाचेही तसेच. उघड्या भांड्यातले पाणी दौलताबादला ९८ अंशांच्या आसपासच उकळते. टोपणाने दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा जादा दाब धरून ठेवला तर तेच पाणी १२० अंशांच्या जवळ जाईपर्यंत उकळत नाही. तापमानातला फरक वाढतो, आणि त्याच हवेत रेडिएटर जास्त उष्णता टाकू शकतो. तापल्या गाडीचे टोपण घाईने फिरवणाऱ्याच्या तोंडावर कारंजे उडते ते याच दाबामुळे. दाब सुटतो आणि उकळायचे राहिलेले पाणी एका क्षणात वाफ होते. तेव्हा पाणी बिघडले तर गाडी तापते, हे खरेच. मात्र पाण्याचा बिघाड नळी, टोपण, गळती असा दिसतो, सापडतो आणि दुरुस्त होतो. हवेचा बिघाड दिसत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे गाडीत राहतो आणि दोष पाण्याच्या नावे जातो.

दुसरा आक्षेप जुन्या गाड्यांच्या चाहत्यांचा आहे. पूर्वी जाळ्या मोठ्या होत्या, आताच्या गाड्यांची तोंडे बुजवलेली, तरी म्हणे त्या तापत नाहीत; हे कसे? उत्तर असे की जाळीचा आकार पहिल्यापासूनच फसवा होता. मोठ्या तोंडातून शिरलेली हवा इंजिनाच्या खणात आदळत, घुसमटत, वाट शोधत राहते आणि तिचे ओझे गाडीला ओढावे लागते. त्यात पेट्रोल जळते. बदल झाला तो १९८३ मध्ये मारुती ८०० आल्यावर. तिचे इंजिन आडवे होते, म्हणून पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर बसवणे सोयीचे नव्हते आणि तो विजेवर आला. पंख्याला पहिल्यांदाच स्वतःची अक्कल मिळाली: इंजिन मंद असले तरी पाणी तापले की तो पूर्ण जोराने फिरणार. नोव्हेंबर २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू होऊन ऑक्टेविया जोडल्या जाऊ लागल्या, तोवर युरोपातल्या गाड्यांचा पुढचा भाग पूर्ण बदलला होता. पंख्याभोवती प्लास्टिकचे बंद कवच, म्हणजे पंख्याने ओढलेली हवा जाळीतूनच यावी, कडेने नको. रेडिएटर आणि बंपर यांच्या मधल्या फटींत फोमच्या किंवा रबराच्या पट्ट्या. इंजिनाखाली पसरट पत्रा किंवा प्लास्टिक, ज्यामुळे खालून येणारा वारा इंजिनाच्या खणात घुसत नाही आणि मागून हवा ओढली जायला जागा होते. वाऱ्याचे तोंड लहान, पण आत आलेला प्रत्येक झोत कामाला लावलेला.

हे सगळे भाग दिसायला इतके किरकोळ असतात की पहिल्या अपघातानंतर ते गाडीत राहिले तर नवल. बंपर बदलला जातो, दिवे नवे येतात, रंग जुळतो, पण फोमची पट्टी परत लावायची राहून जाते. खालचा पत्रा सर्व्हिसिंगला काढला की ‘नुसता वाजतो, राहू द्या’ म्हणून कोपऱ्यात पडतो. महामार्गावर काहीच कळत नाही, कारण तिथे वारा भरपूर. कळते ते घाटातल्या रांगेत. पंखा ओढतो ती हवा आता समोरून न येता कडेच्या फटीतून, इंजिनाच्या खणातूनच फिरून येते; एकदा तापलेली हवा पुन्हा त्याच जाळीतून जाते आणि प्रत्येक फेरीला अधिक गरम होते. त्यात एसी चालू असेल तर रेडिएटरच्या पुढे त्याचा कंडेन्सर असतो, आणि त्याने आधीच तापवलेली हवा रेडिएटरच्या वाट्याला येते. पद्मिनीसारख्या गाड्यांना मागाहून एसी बसवण्याची टूम निघाली तेव्हा त्या शहरातच उकळू लागल्या. तिथेही पाणी कमी नव्हते, हवा दोनदा वापरली जात होती. आपल्या हौसेचाही यात वाटा आहे. गाडीपुढे लोखंडी गार्ड, त्यावर जादा दिवे, दसऱ्याला झेंडूच्या माळांचे जाडजूड तोरण, नावाची पाटी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डवर बंदीची सूचना काढली ती पादचाऱ्यांच्या जिवासाठी, पण रेडिएटरलाही तिचा फायदाच झाला. शेतशिवारातून जाणाऱ्या गाड्यांना तर आणखी एक शत्रू आहे. उसाचे पाचट, कापसाचे तंतू आणि धूळ कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर जागेत साठून गालिचा तयार करतात. समोरून जाळी स्वच्छ दिसते. धुताना पुढून जोराचा फवारा मारला तर हा गालिचा आणखी घट्ट बसतो. तो निघतो इंजिनाच्या बाजूने पुढे हवा किंवा पाणी मारल्यावर, तेही बेताच्या दाबाने, नाहीतर जाळीची पातळ पाने मुडपतात आणि वाट पुन्हा बंद.

आता विजेवरच्या गाड्यांमुळे हा सगळा इतिहास संपला, असे मानणारे भेटतात. या गाड्यांचे तोंड पुढून सपाट, जाळी नावापुरती. इंजिनच नाही तर गार काय करायचे? छत्रपती संभाजीनगर परिसरात नव्या गाड्यांचे मोठे कारखाने येऊ घातले आहेत. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. म्हणून हा प्रश्न इथे नुसता वादाचा राहत नाही. पेट्रोलच्या इंजिनाला नव्वद-शंभर अंश मानवत होते आणि बाहेरची ४२ अंशांची हवा त्याच्या तुलनेने थंडच होती. बॅटरीला मात्र चाळिशीच्या वर फार वेळ राहणे सोसत नाही. ज्या हवेने तिला गार करायचे तीच हवा तिच्याइतकी तापलेली असेल, तर नुसत्या रेडिएटरने भागत नाही. फ्रिजसारखी यंत्रणा चालवून आधी उष्णता पंपाने उचलावी लागते. ती उचललेली उष्णता, आणि पंप चालवताना झालेली जादा उष्णता, शेवटी गाडीच्या तोंडामागच्या कंडेन्सरमधूनच बाहेर टाकायची असते. भर उन्हात जलद चार्जिंगला लावलेल्या गाडीसमोर उभे राहिले तर बंद दिसणाऱ्या तोंडामागे पंखा घरघरताना ऐकू येतो, आणि गाडी तर जागची हललेलीही नसते. त्या क्षणी तिला वारा आणून देणारे काहीच नसते. तिच्याजवळ असतो तो पंखा, त्याभोवतीचे कवच आणि खालून बाहेर पडण्यासाठी ठेवलेली वाट.